खामगावचा कापूस आणि विलायतेचा किनारा



ह्या महोत्सवी पुस्तिकेत देवळाच्या उभारणीचा व पूर्वीच्या धर्मगुरूंच्या श्रमांचा वृत्तांत इतरत्र आलाच आहे. आम्ही येथे वाचकांचे लक्ष थोड्या निराळ्या विषयाकडे वेधू इच्छितो. आपला बुलढाणा जिल्हा समुद्रापासून इतका दूर की, जहाज डोळ्यांनी पाहिलेला मनुष्य पूर्वी एखाद्या गावात असला तर त्याचे नाव घेऊन सांगत. असे असूनही सातासमुद्रांपलीकडील एका देशाच्या किनाऱ्याने ह्या जिल्ह्याची शेते, बाजार, आगगाडी आणि ताटातील भाकरी ह्या सर्वांना कित्येक पिढ्या वळण लावले. तो देश इंग्लंड, आणि त्यातही त्याच्या पश्चिम अंगाचा लँकेशायर नावाचा परगणा. त्या देशाची भूमी व व्यापार कसा घडला हे समजल्यावाचून खामगाव कसे घडले हे नीट उमगत नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम आपलीच भूमी पाहू. आपण सहज ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे म्हणतो, त्या दोन शब्दांत जिल्ह्याचा सगळा भूगोल सामावला आहे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर ही अजिंठ्याच्या डोंगररांगेची उंच भूमी; घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव हा पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट प्रदेश. पैनगंगा बुलढाण्याजवळच्या डोंगरात उगम पावून पूर्वेकडे वळते व शेवटी गोदावरीच्या पाण्याबरोबर बंगालच्या उपसागरास मिळते. पूर्णा पश्चिमेस वाहत तापीला भेटते व अरबी समुद्राकडे जाते. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस असा दोन समुद्रांना वाटला जातो. पूर्णेच्या दोन्ही अंगांस काळी, खोल, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी जमीन आहे. हिच्यात मुरलेले पाणी दिवाळीनंतरही कपाशीच्या मुळांना पुरते. नदीलगतच्या खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी खारे असल्यामुळे बागाईत करणे अवघड. तेव्हा कोरडवाहू ज्वारी आणि कोरडवाहू कपाशी हीच दोन पिके तेथील कुणब्याच्या नशिबी आली. ह्या दोन पिकांपैकी एक पोटाचे व दुसरे पैशाचे. ह्या लेखाचा सारा विषय त्या दोहोंच्या झगड्याचा आहे.

आता पलीकडचा किनारा. ब्रिटन हे बेट असे आहे की त्याच्या पोटातील कोणतेही गाव भरतीच्या पाण्यापासून सुमारे सत्तर मैलांहून अधिक दूर नाही. किनारा खाड्याखाड्यांनी कातरलेला; अटलांटिकातील उबदार प्रवाहामुळे पश्चिमेकडील बंदरे हिवाळ्यात गोठत नाहीत. लँकेशायरच्या पूर्वेस पेनाइन टेकड्यांची भिंत उभी आहे. समुद्रावरून येणारे ओले वारे तिला अडतात आणि पाऊस बारमाही भुरभुरतो. ही ओल माणसांच्या सांध्यांस वाईट, परंतु सुतास फार चांगली. कारण कोरड्या हवेत बारीक सूत तुटते. आपल्या एप्रिल महिन्यातील हवेत तसले सूत काढू पाहणाऱ्याची काय गत होईल, हे सांगावयास नको. त्याच टेकड्यांतून धुण्यारंगविण्यास योग्य असे मृदू पाणी वाहत येते, आणि त्याच परगण्यात जमिनीखाली दगडी कोळसा आहे. ओल, पाणी व कोळसा ह्यांचा असा संगम झाल्यावर उणीव राहिली ती बंदराची, आणि ती मर्सी नदीच्या मुखावरील लिव्हरपूलने भरून काढली.

मर्सीच्या मुखाशी भरती व ओहोटी ह्यांत तीस फुटांपर्यंत अंतर पडते. अशा ठिकाणी जहाज धक्क्याला लावून ठेवणे म्हणजे दिवसातून दोनदा त्याला चिखलात बसविणे. म्हणून लिव्हरपूलकरांनी १७१५ साली दरवाजांची बंदिस्त गोदी बांधली. भरतीबरोबर जहाज आत घ्यावयाचे आणि दरवाजे लावून पाणी कोंडून ठेवावयाचे. ह्या युक्तीने ते गाव वाढले. परंतु ते कशावर वाढले हेही सांगितले पाहिजे. अठराव्या शतकात लिव्हरपूलच्या जहाजांनी आफ्रिकेतील लक्षावधी माणसे गुलाम म्हणून अमेरिकेस नेली. १८०७ साली ब्रिटिश पार्लमेंटाने तो व्यापार बंद केला. तरीही त्या गुलामांच्या वंशजांनी अमेरिकेत पिकविलेला कापूस लिव्हरपूलच्या गोदीत पुढे अर्धशतकाहून अधिक काळ उतरत राहिला. १८३० साली लिव्हरपूल व मँचेस्टर ही शहरे आगगाडीने जोडली गेली आणि मँचेस्टर, बोल्टन, ओल्डहॅम, प्रेस्टन येथील गिरण्यांच्या दारी तो माल वाफेच्या वेगाने पोहोचू लागला. ज्या देशात कपाशीचे एकही झाड वाढत नाही, तो देश जगाला कापड पुरवू लागला.

त्या काळी आपल्याकडे काय चालले होते? खामगावी १८२० च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी दुकाने मांडली. तूप, सूत व थोडा कापूस एवढाच तेथील उदीम. मुंबईस माल न्यावयाचा तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवर. १८२५-२६ साली विकाजी व पेस्तनजी ह्या पारशी पेढीने पाचशे बैलांवर सुमारे १,२०,००० पौंड कापूस वऱ्हाडातून सह्याद्रीचे घाट उतरवून मुंबईस धाडला, त्याची किंमत पंचवीस हजार रुपये झाली, अशी नोंद आहे. म्हणजे एका बैलावर अडीचशे पौंडांच्या आत ओझे. वाटेत पाऊस लागला तर माल भिजे, उन्हाळा असला तर बैलांस चारा मिळत नसे, आणि धूळ तर प्रत्येक मुक्कामी कापसात मिसळतच असे. अशा स्थितीत कुणबी कपाशी बेताचीच लावी. घरच्या व गावच्या पुरती रुई, थोडी विक्रीस, आणि बाकी शेतात ज्वारी. ती पेवात साठवावयाची. दोन वर्षे पाऊस चुकला तरी पेव उघडावयाचे, ही जुन्या लोकांची विम्याची रीत होती.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. त्याच वर्षी मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. ह्या दोन गोष्टींचा संबंध त्या दिवशी कोणाच्या ध्यानी आला असेल की नाही कोण जाणे. मँचेस्टरच्या गिरणीमालकांना मात्र एक चिंता पूर्वीच लागली होती. त्यांच्या कापसाच्या पाच गाठींपैकी सुमारे चार अमेरिकेहून येत, आणि अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून वादळ उठणार हे दिसत होते. १८५७ साली त्यांनी मँचेस्टर येथे कापूस मिळविण्याच्या हेतूने एक संघ स्थापिला व हिंदुस्थानावर नजर टाकली. १८६१ साली वादळ आलेच. उत्तरेकडील संस्थानांनी दक्षिणेची बंदरे आरमाराने रोखून धरली आणि लिव्हरपूलची गोदी ओस पडू लागली.

पुढील चार वर्षांचा वृत्तांत दोन्ही किनाऱ्यांवरून पाहिला पाहिजे. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या. १८६२ च्या अखेरीस तेथील सुमारे पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. ह्यांत आयर्लंडातील बटाट्याच्या दुष्काळातून पळून आलेली गरीब कॅथलिक कुटुंबे पुष्कळ होती. त्यांच्यासारख्यांच्या वाढत्या वस्तीमुळेच लिव्हरपूल व सॅल्फर्ड हे धर्मप्रांत १८५० साली स्थापन करावे लागले होते. भुकेने गांजलेल्या ह्या मजुरांनी सरकारकडे जाऊन, नाकेबंदी मोडा आणि आमचा कापूस आणून द्या, असा हट्ट धरला असता तर त्यांस कोणी फारसा दोष दिला नसता. परंतु मँचेस्टरच्या मजुरांनी १८६२ च्या शेवटच्या दिवशी सभा भरवून गुलामगिरी मोडू पाहणाऱ्या अध्यक्ष लिंकन ह्यांना पाठिंब्याचे पत्र धाडले, व लिंकन ह्यांनी जानेवारी १८६३ मध्ये त्यांचे आभार मानणारे उत्तर लिहिले. त्या परगण्यात सर्वांचेच मत असे होते असे नाही. कित्येक गावी दक्षिणेचेही पक्षपाती होते. तरीही दुसऱ्याच्या सुटकेसाठी आपल्या लेकरांची भाकरी पणास लावणाऱ्या त्या अनाम लोकांविषयी आमच्या मनात आदर उत्पन्न होतो, आणि वऱ्हाडचा इतिहास लिहिताना त्यांचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही ह्याचे नवल वाटते.

इकडे तीच नाकेबंदी वऱ्हाडास लाभली. मुंबईस कापसाचा भाव तिप्पट-चौपट झाला. इंग्लंडास जाणाऱ्या कापसात हिंदुस्थानचा वाटा निम्म्याच्या बराच वर गेला. शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या, नांगरास चांदीचे फाळ लावले, अशा आख्यायिका त्या काळाविषयी सांगतात. त्या शब्दशः खऱ्या असोत वा नसोत, लोकांच्या हाती अकस्मात पैसा खेळू लागला हे निश्चित. मात्र हा माल लँकेशायरच्या मजुरास आवडत नसे. हिंदी कापसाला तिकडे सरसकट ‘सुरत’ म्हणत. त्याचा धागा आखूड, आणि गाठीत कचरा, सरकी, प्रसंगी दगडही निघत. उपासनेच्या वेळी कोणी “देवा, आम्हांस कापूस पाठव” अशी प्रार्थना केली असता मागून एकाने “पण सुरती नको” अशी पुस्ती जोडली, ही गोष्ट त्या परगण्यात अजून सांगतात. मुंबई सरकारने १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध कायदा केला. ह्या लबाडीचा बोल शेतकऱ्यावर लावण्याची तेव्हा चाल होती. आम्हांस ते न्याय्य वाटत नाही. वावरातून वेचलेला कापूस जहाजावर चढेपर्यंत सावकार, अडत्या, दलाल, गाडीवान, पेढीवाला इतक्यांच्या हातून जाई. आणि स्वच्छ मालास अधिक भाव मिळाला तरी तो वेचणाऱ्या बाईच्या पदरात पडण्याची शक्यता अगदी थोडी असे.

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले. मुंबईच्या सट्टेबाजांचे दिवाळे वाजले, पेढ्या बुडाल्या. ह्या बुडण्याच्या कथा पुष्कळांनी लिहिल्या आहेत, म्हणून आम्ही त्यांत शिरत नाही. वऱ्हाडात मात्र भाव उतरल्यावरही मागचे दिवस परतले नाहीत, कारण तोवर रूळ आले होते. थळ घाट ओलांडून लोहमार्ग भुसावळमार्गे मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा पुढे गेला व १८६७ साली नागपुरास पोहोचला. खामगाव ह्या मार्गापासून सुमारे आठ मैल बाजूस राहिले. एवढ्या मोठ्या कापूसपेठेस आठ मैल बंड्या हाकाव्या लागाव्यात हे सरकारास रुचले नाही. जलंबपासून खास शाखा घातली गेली आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावी येऊन त्यांनी ती शाखा व कापसाचा बाजार उघडला. केवळ आठ मैलांच्या रुळासाठी हिंदुस्थानचा सर्वाधिकारी एका तालुक्याच्या गावी येतो, ह्यावरून त्या कापसाची मातब्बरी ध्यानात येईल. आदल्या वर्षीच सुएझचा कालवा खुला झाला होता, आणि १८७० मध्ये मुंबईस समुद्राखालील तारेने विलायतेशी जोडण्यात आले. आफ्रिकेला वळसा घालून महिनेच्या महिने जाणारा माल आता काही आठवड्यांत पोहोचू लागला. आणि मालाच्याही आधी त्याचा भाव धावू लागला.

हंगामातील खामगावचे रूप कसे असेल? दिवाळीनंतर घाटावरून व खोऱ्यातून कापसाच्या बंड्यांची रांग लागे. पूर्वी सरकी काढण्याचे काम घरोघरी रेच्यावर होई व त्यावर बायकांची थोडी प्राप्ती चाले. पुढे वाफेची जिने व दाबाचे प्रेस आले, रुई गाठीत आवळली जाऊ लागली. ३९२ पौंडांची एक गाठ, दोन गाठींची मुंबईची एक खंडी. रेचा माळ्यावर गेला आणि रेचेवाली बाई जिनात रोजाने जाऊ लागली. तेथे हवेत तरंगणारे तंतू तिच्या छातीत जात. लँकेशायरच्या गिरणीतील बाईलाही हाच खोकला जडे. दोघींमध्ये पाच हजार मैलांचे अंतर होते आणि एकीस दुसरीचे नावही ठाऊक नव्हते.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहे. वऱ्हाडचा कापूस सदासर्वदा लँकेशायरसच गेला असे नव्हे. युद्ध संपताच तेथील गिरण्यांनी पुन्हा लांब धाग्याचा अमेरिकन कापूस जवळ केला आणि मँचेस्टरचा तो संघ १८७२ साली विसर्जित झाला. आपला आखूड धागा पुढे युरोपखंडातील गिरण्यांस, मुंबईच्या गिरण्यांस, आणि नंतर जपानास जाऊ लागला. १८७७ साली जमशेटजी टाटा ह्यांनी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. वऱ्हाडात खरेदी करणाऱ्या परक्या पेढ्यांत व्होलकार्ट ही स्वित्झर्लंडची होती, आणि त्या देशास तर समुद्रकिनाराच नाही! तरीही भावाचे माप लिव्हरपूलकडे राहिले. तेथे पौंडाला किती पेन्स ठरले हे कळल्यावर मुंबईत खंडीचा भाव ठरे, आणि मुंबईची तार आल्यावर खामगावचा. माल दुसरीकडे वळला, पण तराजूची दांडी त्याच किनाऱ्यावर धरलेली होती. शेतकऱ्यानेही आपल्यापरीने हिशेब केला. जुनी ‘बनी’ कपाशी मऊ व बारीक धाग्याची म्हणून नावाजलेली होती. तिची जागा हळूहळू जाड्याभरड्या ‘रोझियम’ जातीने घेतली, कारण तिच्यात सरकी कमी व रुई अधिक निघे आणि बाजार वजनावर पैसे मोजी. तज्ज्ञ साहेबांनी ह्याला अडाणीपणा म्हटले. आम्ही तसे म्हणणार नाही.

आता पेवांकडे वळू. कापसाचे रान वाढले. ज्वारीचे सर्व रान गेले नाही, परंतु शिल्लक टाकण्याची रीत गेली. रूळ असल्यामुळे धान्य जेथे भाव अधिक तेथे जाई, आणि सारा, व्याज व कापड ह्यांस रोकड लागे. १८९६-९७ साली पाऊस चुकला. लोक त्यातून सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. कापूसही नाही, ज्वारीही नाही, आणि पेव रिकामे. त्या दिवसांत रेल्वेने धान्य येत होते हे खरे आहे. परंतु ते विकत घ्यावयाचे होते, आणि ज्याच्याजवळ विकण्यास कापूस नव्हता त्याच्याजवळ पैसाही नव्हता. शेतकऱ्यांची ही दशा, तर नुसत्या मजुरीवर जगणाऱ्यांची काय वर्णावी! माणसे सरकारी कामांवर खडी फोडू लागली. मागून पटकी व ताप आले. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, ती १९०१ साली साडेसत्तावीस लाखांवर आली. त्या वेळच्या बुलढाणा जिल्ह्यात ४,२३,६१६ माणसे मोजली गेली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा शेकडा सुमारे बारा कमी. खामगाव व जळगाव हे तालुके तेव्हा अकोल्याकडे होते. १९०५ साली ते ह्या जिल्ह्यास जोडण्यात आले.

दुष्काळ कापसाने आणला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पाऊस न पडणे हे पहिले कारण, आणि कापसाच्या पैशाने सुखाची वर्षेही वऱ्हाडाने पुष्कळ पाहिली. परंतु पूर्वीचा कुणबी आपल्या पेवावर विसंबून होता आणि त्याचा नातू तारेने येणाऱ्या भावावर. समुद्रकाठच्या कोळ्यास भरती-ओहोटी निदान डोळ्यांनी दिसते. आपल्या कुणब्यास ती दिसत नव्हती, आणि तरी तिच्या पाण्यात तो गळ्याइतका उभा होता.

त्या किनाऱ्याचे पुढे काय झाले हेही थोडक्यात सांगतो. लँकेशायरच्या आग्रहावरून हिंदुस्थान सरकारने १८९६ साली देशी गिरण्यांच्या कापडावर शेकडा साडेतीन जकात बसविली. ती १९२५ च्या अखेरीस स्थगित होऊन नंतर रद्द झाली. १९१३ साली ब्रिटनने सुमारे ७०० कोटी यार्ड कापड परदेशी धाडले, त्यातील सुमारे ३०० कोटी यार्ड एकट्या हिंदुस्थानात आले. महायुद्ध, जपानची स्पर्धा, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या आणि स्वदेशीची चळवळ ह्यांनी तो व्यापार पोखरला. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरमधील डार्वेन गावी गेले. त्यांच्या बहिष्कारामुळे ज्यांची कामे गेली असे मानले जाई, ते बेकार मजूर त्यांस भेटले. त्यांनी गांधीजींचे प्रेमाने स्वागत केले व गांधीजींनी हिंदुस्थानातील बेकारीचे मान त्यांच्यापुढे मांडले. १९३८ पर्यंत ब्रिटनची कापडाची निर्यात दीडशे कोटी यार्डांच्याही खाली आली, आणि १९५८-५९ च्या सुमारास त्या देशात बाहेरून येणारे सुती कापड बाहेर जाणाऱ्यापेक्षा अधिक झाले. गिरण्यांच्या लाल विटांच्या इमारतींत आता घरे, दुकाने व गुदामे आहेत. लिव्हरपूल येथे १८४१ साली कापसाच्या दलालांनी स्थापन केलेला संघ मात्र निराळ्या नावाने आजही आहे, आणि जगातील कापसाचे बहुतेक आंतरराष्ट्रीय करार त्याच्या नियमांप्रमाणे होतात.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू केली, ती सुमारे तीस वर्षे चालली. २००२ साली बीटी कपाशीस परवानगी मिळाली. आता जिल्ह्याच्या पुष्कळशा रानात, विशेषतः घाटावर, सोयाबीन पिकते. खामगावचे नाव आज कापसापेक्षा चांदीच्या भांड्यांसाठी व दागिन्यांसाठी अधिक ऐकू येते. जलंब ते खामगाव ही शाखा अजून आहे. जुन्या जिनांची आवारे गावात दिसतात, आणि खोऱ्यातील एखाद्या जुन्या वाड्याच्या अंगणात पाय दिला असता जमीन पोकळ वाजते. तेथे खाली बुजविलेले पेव असते.